ओहोटीला भरणारी बालवाडी

राष्ट्राची उभारणी बालवाडीत सुरू होते. हे वाक्य मी एकदाच ऐकलं, पण लाउडस्पीकरवरून ऐकल्यामुळे कायमचं लक्षात राहिलं. ते उच्चारणारे प्रमुख पाहुणे आमच्या बालवाडीच्या उद्घाटनाला आले होते. बोलता बोलता ते ज्या भिंतीकडे हात करत होते, ती भिंत रेशनच्या गोदामाची होती. बालवाडी त्याच्या मागे होती. प्राथमिक शाळेची मागची खोली, तिच्यात सहा मोडके बाक. बाक बाहेर काढता येत नव्हते, कारण त्यांची नोंद डेडस्टॉक रजिस्टरात होती आणि ते रजिस्टर ज्यांच्या कपाटात होतं ते गुरुजी किल्ली घेऊन बदलून गेले होते. म्हणजे राष्ट्राची उभारणी बाकांनी सोडलेल्या जागेत, दोन सतरंज्यांवर करायची होती. ती माझ्याकडे सोपवण्यात आली.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. आम्ही मुंबईतली दीड खोली सोडून वाशीच्या नव्या इमारतीत राहायला आलो होतो. तिथे नळाला पाणी होतं, खिडक्यांना गज होते आणि आसपास दुसरं फारसं काही नव्हतं. मी बालशिक्षणाचा वर्षभराचा कोर्स केला होता आणि त्यावरची मिळतील ती पुस्तकं वाचली होती. त्यामुळे ठाणे-बेलापूर रस्त्यावर, घणसोलीच्या अलीकडे खाडीला लागून असलेल्या एका गावात बालवाडी निघतेय आणि शिक्षिका हवी आहे असं कळल्यावर मी अर्ज केला. अर्ज करणारी मी एकटीच होते. मुलाखतीत मला विचारलं, "बसनं याल ना?" मी हो म्हटलं. निवड झाली.

परिपत्रकानुसार ही बालवाडी 'स्थानिक कुटुंबांतील' तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी होती. वेळ दहा ते एक. पटावर पंचवीस मुलं हवीत आणि सरासरी हजेरी वीसच्या खाली गेली तर वर्ग बंद. सोबत साहित्याची पेटी होती. तिच्यात फळांचा तक्ता होता. त्यातलं सफरचंद मुलांनी मोठा टोमॅटो म्हणून ओळखलं आणि चेरी कुणीच ओळखली नाही. शिवाय रोजच्या कार्यक्रमाचा छापील कागद होता, त्यात 'मातीकाम, अर्धा तास' असं लिहिलेलं. पहिल्याच आठवड्यात एक आई दारात उभी राहून ते बघत होती.

"बाई, ही पोरा काय करतान?"

"मातीशी खेळतायत. बोटांना वळण लागतं त्यानं."

"चिखल खेलाला शालंत कनाला आनायची? चिखल तं आमचे घरातच हाय." आणि आपली पावलं दाखवून ती हसली. पोटऱ्यांपर्यंत खाडीचा गाळ वाळून पांढरा झाला होता.

तिचा मुलगा साडेतीन वर्षांचा होता. मोठी मुलगी नऊ वर्षांची, त्याच शाळेत तिसरीत. नवरा रस्त्यापलीकडच्या एका कारखान्यात कंत्राटी कामाला. शेत होतं, ते नव्या शहरासाठी गेलं होतं. त्यामुळे ही बाई, गावातल्या इतर बायकांसारखीच, ओहोटीला खाडीत उतरून शिंपल्यांतल्या शिवल्या, कालवं, जमलं तर चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, गोळा करायची आणि ते सगळं रस्त्यावर नेऊन विकायची.

हे सगळं मला कळत होतं. मला कळत नव्हती ती हजेरी. एखाद्या दिवशी अठ्ठावीस मुलं, सतरंजीवर जागा नाही. पुढच्या आठवड्यात चार. मग पुन्हा वाढत वाढत सव्वीस. बालवाडीत मुलं का टिकत नाहीत याची मी वाचलेली सगळी कारणं लावून पाहिली. खेळ बदलले. गोष्टी बदलल्या. खाऊच्या सुकडीचा डबा लवकर उघडून पाहिला. शेवटी चार मुलांच्या एका दिवशी वैतागून वर्ग लवकर सोडला, त्या बाईच्या घरी गेले आणि चांगला अर्धा तास नियमितपणाचं महत्त्व सांगितलं. तिनं ते सुपात तांदूळ पाखडता पाखडता ऐकून घेतलं.

"बाई, आज तिथ कंची?"

मला तारीख माहीत होती, तिथी नव्हती.

"आज एकादस. पानी उतरंल ते दोन-अडीचला. मी घरातना निंगनार बाराला. तुमी शाला बंद करतांव एकला. मंग पोर तुमचेकरं कनाला सोरू? एकला त्याला आनाला कोन, तुमचा साहेब जाईल?"

"मग आत्ता कोण बघतं त्याला?"

"ती हाय ना," ती म्हणाली, आणि तिनं हनुवटीनं ओटीकडे दाखवलं. तिथे तिची तिसरीतली मुलगी भावाला मांडीवर घेऊन बसली होती. शाळा भरून तास झाला होता.

गोष्ट अगदी साधी होती आणि कुठल्याही पुस्तकात नव्हती. ओहोटी रोज पाऊण तास पुढे सरकते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते आणि तिच्या सहा तास आधी-नंतर ओहोटी, हा हिशेब गावातली अक्षरशत्रू म्हातारीसुद्धा चालता चालता करायची. पंचमी-षष्ठीला बायका सकाळी आठला उतरायच्या. मोठी मुलगी भावाला दहाला माझ्याकडे सोडून साडेदहाला आपल्या वर्गात बसायची. अष्टमीपासून पुढे मात्र ओहोटी दुपारी सरकायची, बालवाडी एकला बंद व्हायची आणि मुलगी घरी राहायची. पंधरवड्यातले सहा दिवस. महिन्यातले बारा. तिसरीच्या गुरुजींनी दोनदा ताकीद दिली होती, आता नाव कापणार होते. नाव कापलं तर पुन्हा घालायला कोणी येणार नव्हतं, हे गुरुजींना, मला आणि त्या मुलीलाही ठाऊक होतं.

मुलगी हुशार होती का? होती, पण मला तिची आठवण वेगळ्याच गोष्टीसाठी आहे. एकदा तिसरीच्या वर्गावरून जाताना मी थबकले. गुरुजींनी फळ्यावर गावाचा नकाशा काढला होता. ही उठून उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, खारी तिकरं नाय. ती तुमचे पाठीमागं हाय." गुरुजींनी मागे वळून खिडकीतून पाहिलं. खाडी होती.

मी घरी आले, भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं आणि महिन्याच्या तिथ्या बघून बालवाडीचं वेळापत्रक तयार केलं. पंचमीला आठ, अष्टमीला दहा, एकादशीला बारा. बायका परत येईपर्यंत. अमावास्या-पौर्णिमेला ओहोटी भल्या पहाटे असायची, तेव्हा नेहमीचीच वेळ. मग ते घेऊन मुख्याध्यापकांकडे गेले. ते साताऱ्याकडचे, सरळ आणि भित्रे गृहस्थ होते.

"बाई, मी घाटावरचा माणूस. मला विहिरीतलं पाणी कळतं. ते जिथल्या तिथं असतं."

"सर, खोली तर दिवसभर रिकामीच असते."

"खोलीचं नाही हो. रजिस्टरात वेळ काय लिहिणार?"

"दहा ते एक."

"मी हे ऐकलं नाही," ते म्हणाले, आणि खोलीची किल्ली माझ्यासमोर टेबलावर ठेवून चहा प्यायला गेले. त्यांच्या नोकरीतलं ते बहुधा सर्वांत धाडसी कृत्य असावं.

चार महिने बालवाडी खाडीच्या वेळेनं चालली. माझी स्वतःची पंचाईत झाली, हे खरं. वाशीच्या सोसायटीतल्या शेजारणींना मी नक्की कुठल्या पाळीत काम करते ते कळेना. एकीनं विचारलंही, "तुमची शाळा आहे की फॅक्टरी?" पण हजेरी बावीसच्या खाली गेली नाही. तिसरीतली ती मुलगी त्या चार महिन्यांत दोनच दिवस गैरहजर राहिली आणि ते दोन्ही दिवस तापाचे होते. एकादशीच्या दुपारी भाऊ माझ्याकडे सतरंजीवर झोपलेला असायचा आणि भिंतीपलीकडून हिच्या मोठ्यानं वाचण्याचा आवाज यायचा.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण चोरून चाललेली गोष्ट रीतसर करावी असं मला वाटलं. हा शिकलेल्या माणसांचा रोग आहे आणि मला तो चांगलाच होता. मी वरच्या कचेरीला अर्ज केला: स्थानिक मातांच्या कामाच्या वेळा लक्षात घेऊन बालवाडीची वेळ भरती-ओहोटीनुसार ठेवण्याची परवानगी मिळावी.

दीड महिन्यानं उत्तर आलं. भरती-ओहोटीचं अधिकृत वेळापत्रक सोबत जोडलेलं नसल्यानं अर्जाचा विचार करता येत नाही. आमच्या इमारतीत गोदीत काम करणारे एक गृहस्थ होते. त्यांच्याकडून छापील वेळापत्रक मिळवलं, जोडलं, पाठवलं. पुन्हा उत्तर आलं. सदर विषय बंदराशी संबंधित असल्यानं तो या कचेरीच्या कक्षेत येत नाही. तथापि, बालवाडीच्या गरजेबाबत प्रत्यक्ष पाहणी करण्यात येईल. खाली तारीख होती, वेळ सकाळी अकरा.

मी कॅलेंडर पाहिलं. षष्ठी होती.

इतका आनंद मला नोकरी लागल्यावरही झाला नव्हता. षष्ठीला ओहोटी साडेदहाची. म्हणजे साहेब येतील तेव्हा बायका खाडीत असणार, मुलं माझ्याकडे असणार, मोठ्या बहिणी वर्गात असणार. काही सांगायची, दाखवायची, सजवायची गरज नव्हती. खिडकीतून बोट दाखवलं की झालं. दूरवर चिखलात वाकलेल्या बायका दिसल्या असत्या. गावाला मी एवढंच सांगितलं, की त्या दिवशी साहेब येणार आहेत आणि आपण नेहमीसारखंच वागायचं आहे.

साहेब येणार एवढंच गावानं ऐकलं.

त्या दिवशी मी पावणेआठला पोचले तर खाडीच्या वाटेवर एकही बाई नव्हती. सगळ्या शाळेच्या अंगणात होत्या. लग्नाकार्याला काढतात ती लुगडी, अंबाड्यात फुलं, होते-नव्हते ते दागिने. गावात पाहुणा येणार असेल तर त्या दिवशी कामाला जायचं नाही, अशी तिथली रीत होती. मोठा माणूस आला आणि घरात बाई नाही, हा गावाचा अपमान. मुलांना हळदीच्या समारंभातले कपडे घातले होते. अठ्ठावीसऐवजी साठ-पासष्ट मुलं होती, कारण अंगावर पिणारीही आणली होती आणि शेजारच्या गावातली भाचरंही. एका घरी तांदळाच्या भाकरी आणि चिंबोऱ्यांचं कालवण तयार होतं.

"अगं, तुम्ही खाडीवर का नाही निघालात?" मी त्या तिसरीतल्या मुलीच्या आईला विचारलं. माझा आवाज चढला होता.

"तुमचे साहेब येनार ना? मंग? तुमची मान खाली घालू का आमी?" तिला वाटलं मी खूश होईन. एका ओहोटीची कमाई माझ्यासाठी सोडली होती तिनं. मला तिच्यावर ओरडता येईना आणि गप्पही बसता येईना.

"अजून वेळ आहे. जा ना तुम्ही सगळ्या."

"आता? ह्या लुगऱ्यावर?"

साहेब साडेअकराला जीपनं आले. दारातच थांबले, कारण आत पाय ठेवायला जागा नव्हती. मुलांना आया जवळ असल्यावर बालवाडी सुचत नाही. कुणी पदराला लोंबकळत होतं, कुणी दूध मागत होतं. गाणं सुरू केलं तर आयाच म्हणू लागल्या. तिसरीतली मुलगी वर्ग सोडून आली होती आणि नव्या परकरात भावाला कडेवर घेऊन पहिल्या रांगेत उभी होती.

साहेब तसे सौजन्यानं वागले. त्यांनी त्याच बाईला विचारलं, "काय बाई, रोज या वेळी तुम्ही घरीच असता?"

ती पदर सावरून म्हणाली, "व्हय साहेब. घरीच."

"खाडीवर वगैरे जात नाही?"

"नाय बा. पोरांना सोरून कनाला जाव?"

मागच्या बायकांनी माना डोलावल्या.

"साहेब, असं नाही," मी मध्ये पडले. "या सगळ्या रोज ओहोटीला खाडीत जातात. आज फक्त..."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की वाक्य तिथेच राहिलं. साहेबांनी डायरी काढली आणि काहीतरी लिहिलं. नंतर कालवण चवीनं खाल्लं. चिंबोऱ्या कुठून येतात, हे त्यांनी विचारलं नाही.

जीप गेल्यावर मी तिला गाठलं. "खोटं का बोललात?"

"बाई, तुमी नव्या." आता ती हसत नव्हती. "आदी एक साहेब आलेले, तेबी असंच गोर बोलत व्हते. हे शेत कोन कसतं, हे मीठ कोन काढतं, समदा इचारला. आमी खरा सांगला. मंग खुना ठोकल्या आनी पाटी लावली. आता आमी सांगायचा खारीवर जातंव, आनी उद्या तिकरं पन पाटी?"

मी सरकारी परिपत्रक वाचून आले होते. तिनं सरकारी माणूस वाचला होता. राग मात्र आला. साहेबांचा आला, तिचा आला, सर्वांत जास्त माझ्या स्वतःच्या त्या नीटनेटक्या अर्जाचा आला. मी अर्ज केला नसता तर कुणी पाहणीला आलंच नसतं.

अहवाल मात्र वेळेवर आला. 'सदर बालवाडीत क्षमतेपेक्षा अधिक गर्दी असून जागा अपुरी आहे. माता या वेळी घरीच असतात असे त्यांच्या तोंडून समजले. सबब बालकांच्या सांभाळासाठी स्वतंत्र वर्गाची निकड दिसून येत नाही.' मुख्याध्यापकांनी तो मला वाचून दाखवला आणि चष्मा पुसत बसले. वर्ग दिवाळीनंतर उघडायचा नव्हता. एकाच कागदावर जास्त मुलं आहेत म्हणून आणि गरज नाही म्हणून एखादी गोष्ट बंद करता येते, हे मला तोवर माहीत नव्हतं.

मी प्रयत्न केला. दोन पत्रं लिहिली, एकदा कचेरीत जाऊन बसले. साहेब म्हणाले, "मॅडम, मी तुमच्याच बाजूनं लिहिलंय. जागा अपुरी आहे, हे कोणी तरी नोंदवायला हवं होतं." त्यांना ते खरंच वाटत होतं.

नोव्हेंबरात मुलीचं नाव कापलं. मी तिच्या घरी गेले. ती भावाचं आंगडं वाळत घालत होती, माझ्याकडे बघून हसली आणि आत गेली. तिच्या आईला मी म्हटलं, निदान चौथीपर्यंत तरी शिकू द्या, मी गुरुजींशी बोलते.

"शिकून काय करंल?"

"म्हणजे काय? चार माणसांत बोलता येईल. तिचं कुणी ऐकेल तरी."

"तुमी इतक्या शिकल्यांव," ती म्हणाली. टोमणा नव्हता, ती खरोखर विचारत होती. "तुमचा कोन आयकला?"

मी चहा घेतला आणि बसच्या वेळेला उठले. पुढे मला वाशीतच एका शाळेत काम मिळालं. तिथली मुलं वेळेवर यायची, सफरचंद ओळखायची आणि मातीकाम नको म्हणायची.

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा त्या गावात बालवाडी पुन्हा सुरू झाली. या वेळी नवी इमारत, रंगीत भिंती, बाहेर झोपाळा. मला आमंत्रण नव्हतं, मी गेलेही नाही. त्याच सुमारास एके दुपारी दारावरची बेल वाजली. बाहेर अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी उभी होती. मी ओळखलं नाही. तिनं भावाचं नाव सांगितल्यावर ओळखलं. तो आता आठवीत होता.

"बाई, बालवारीत मदतनीस पायजे. मना अर्ज लिवून द्याल?"

मी विचारलं, पोरांना सांभाळायला जमेल का? प्रश्न तोंडातून गेल्यावर मला माझीच लाज वाटली. ती म्हणाली, "धाकटे दोन आजून झाले ना मंग. समदे मीच केले."

अर्ज मी लिहिला. अनुभवाच्या रकान्यात 'नऊ वर्षे' लिहिलं आणि खाली सही करायला कागद तिच्याकडे सरकवला. तिनं नाव नीट, गोल अक्षरात लिहिलं. कागद हातात घेऊन तिनं मी लिहिलेलं सगळं मोठ्यानं वाचून काढलं, एका ठिकाणी गावाचं नाव चुकलं होतं ते दाखवलं, आणि गेली.

या अर्जाचं उत्तर आठ दिवसांत आलं. पदासाठी किमान पात्रता चौथी उत्तीर्ण होती. अर्जदाराचा शाळा सोडल्याचा दाखला तिसरीचा असल्यानं अर्ज बाद करण्यात आला होता. नेमणूक झालेली बाई सातवी उत्तीर्ण होती. ती कल्याणहून यायची आणि दहाच्या बालवाडीला साडेअकराला पोचायची.